नर्सरी क्लाउडवर गेली त्या दसऱ्याला

सल्लागार नावाच्या माणसांचा मला मनापासून तिटकारा आहे. रोगी दगावला की गाव सोडणारा डॉक्टर लोक सहन करणार नाहीत, पण हातात लॅपटॉप असला की तसल्याच माणसाला चहाबरोबर काजू देतात. आमच्या नर्सरीत असा एक येऊन गेला. त्याच्यापायी एका भल्या बाईची नोकरी गेली, असं मी पुढे कितीतरी वर्षं ज्याला-त्याला सांगत आलो.

मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याहून तिगावकडे निघालं की रस्त्याला लागूनच आमची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. 'आमची' म्हणायची सवय. मालकी मालकांची, मी तिथला मॅनेजर. थोरल्या मालकांनी मला ठेवलं होतं, आणि ते गेल्यावर त्यांच्या मुलाला मी वारसात मिळालो, त्या जुन्या वजनकाट्याबरोबर.

कलमाचा धंदा ज्याला माहीत नाही त्याला एवढंच सांगतो. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटावर चांगल्या झाडाचा डोळा, म्हणजे फुटव्याची गाठ, बांधायचा. तो डोळा ज्या झाडाचा, त्याचे गुण कलमात उतरतात. कलम शेतात लागल्यावर फळावर यायला पाच-सहा वर्षं जातात, म्हणजे आम्ही सोनं दिलं की माती, हे शेतकऱ्याला पाच-सहा वर्षांनी कळतं. तेव्हा तो परत येतो आणि म्हणतो, "मागं नेलते न, तेच द्या. त्याले डिंक्या रोग नाही आला." आता 'तेच' म्हणजे कोणतं? डोळा कोणत्या झाडाचा होता? हे जिथे लिहून ठेवलेलं असतं, ती खरी नर्सरी. बाकी सगळ्या मातीच्या पिशव्या.

हे लिहून ठेवायचं काम आमच्या कॉम्प्युटर ऑपरेटर बाईचं. थोरल्या मालकांच्या वेळचे रजिस्टर तिने दोन उन्हाळे बसून कॉम्प्युटरात उतरवले होते. त्यांत डोळे काढायच्या झाडांना नावं होती, आमच्या म्हाताऱ्या कलम बांधणाऱ्याने ठेवलेली: विहिरीवरची म्हातारी, वाकडं, बंधाऱ्याचं, बोडखं. तिने ती तशीच ठेवली. काम संपलं त्याच आठवड्यात धाकट्या मालकांनी रजिस्टर रद्दीत घातले. कपाट रिकामं झालं म्हणून खूश झाले, आणि त्या कपाटात नंतर काहीच ठेवलं नाही.

बाई तशी कमी बोलायची. घरी म्हातारी आई, आणि नागपूरला नर्सिंग शिकणारी धाकटी बहीण. तिघींचं सगळं हिच्या पगारावर. मला ती काकाजी म्हणायची.

धाकटे मालक बसतात सौंसरच्या दुकानात. तिथून नर्सरी तासाभराच्या रस्त्यावर. किती कलमं तयार आहेत हे त्यांना हवं असलं तर मला फोन करायचे, मी वाफ्यात उभा राहून सांगायचो, झालं. पण नागपूरच्या कुठल्याशा मेळाव्यात कोणीतरी त्यांच्या डोक्यात क्लाउड भरला. म्हणजे कॉम्प्युटर आपला नाही, कुठेतरी दूर, दुसऱ्याचा. आपण त्यात आपलं सगळं ठेवायचं आणि मोबाइलवर बघायचं. ज्या माणसाने बापाच्या नर्सरीत वर्षभरात चार चकरा मारल्या नाहीत, त्याला आता ती चोवीस तास खिशात हवी झाली.

मग तो सल्लागार आला. बूट असे टोकदार की वाफ्यात उतरलाच नाही, चिखल लागेल म्हणून. गाडीच्या दारातूनच नर्सरी बघितली आणि ऑफिसात बसून आम्हाला नर्सरी समजावून सांगितली. त्याच्या नव्या सॉफ्टवेअरात मराठी नव्हती. राज्य मध्य प्रदेश टाकलं की भाषा हिंदी, तिथे वाद नाही. झाडाच्या नावाच्या रकान्यात नाव चालत नव्हतं, फक्त कोड नंबर. विहिरीवरची म्हातारी झाली एमटी सतरा. म्हाताऱ्या कलम बांधणाऱ्याला हे सांगितलं तर तो बराच वेळ हातातला चाकू पुसत राहिला. "एमटी म्हंजे?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "मूर्खाची टोपी." त्याला ते पटलं.

त्या बैठकीत बाईने तीनच गोष्टी विचारल्या. रस्त्याच्या कामावरचा जेसीबी आठवड्यातून दोनदा इंटरनेटची केबल तोडतो, तेव्हा नोंद कुठे करायची? लॉगिनचा ओटीपी मालकांच्या मोबाइलवर येणार, मालक लग्नात जेवायला बसलेले असले तर इथे काम थांबायचं का? आणि जुन्या सगळ्याची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवायची का?

सल्लागार हसला. मला त्याचे दात अजून आठवतात. "मॅडम, क्लाउड हाच तर बॅकअप आहे. तुम्ही पोहायला जाताना बादली घेऊन जाता का?"

याचा अर्थ काय, हे आजवर मला कळलेलं नाही. मालकांना मात्र लगेच कळला. ते खो-खो हसले आणि म्हणाले, "मॅडम, तुमी लयच निगेटिव बोलून राहिल्या." मग हसणं आवरून, "पण एक आयका. हे काम तुमच्या हातून होऊन राहिलं. एक बी नोंद इकडची तिकडं झाली, तर मंग इथं यायचं काम नाही. सांगून ठेवतो."

बाईने मान डोलावली. मी खिडकीबाहेर बघत होतो. तिचे तिन्ही प्रश्न बरोबर होते आणि ते मला कळत होतं, पण मालकांसमोर तोंड उघडायची माझी वेळ थोरल्या मालकांबरोबरच संपली होती, असं मी स्वतःला समजावलं. प्रश्नांना उत्तरं मिळाली नाहीत. फक्त ती निगेटिव ठरली.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी सल्लागाराने जुन्या कॉम्प्युटरवरचं सगळं वर चढवायला लावलं आणि नागपूरला निघून गेला. तीन-चार दिवस लागतील म्हणाला. स्क्रीनवर एक चौकोन, त्यात एक हिरवी पट्टी गोगलगाईच्या चालीने सरकायची. पहिल्याच दुपारी जेसीबीने केबल तोडली. संध्याकाळी जोडली. बाईने फोन लावून परत चालू करून घेतलं. फोन संपवताना सल्लागार स्पीकरवर, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कॉपी पूर्ण झाली की विंडो आपोआप बंद होते. विंडो दिसली नाही की समजायचं, झालं."

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी बाईने लाल स्केचपेनने चिठ्ठी लिहून कॉम्प्युटरवर चिकटवली. 'कॉपी चालू आहे. बंद करू नये.' मग माझ्याकडे आली.

"काकाजी, सकाळच्या गाडीनं मायले घेऊन दीक्षाभूमीले जाऊन राहिली. दुसऱ्या दिवशी बहिणीकडं थांबतो, मंग येतो. हे बंद नका होऊ देऊ."

"लाइट गेली तर?"

"इन्व्हर्टरवर लावून ठेवलं हाय. फक्त कोणी बटन नको दाबाले."

"जा तू," मी म्हणालो. "मी आहे न."

तिला बरं वाटलेलं मला दिसलं. दरवर्षी ती दसऱ्याला आईला घेऊन नागपूरला जायची. धम्मचक्राचा दिवस, तो तिने कधी चुकवला नव्हता. त्या वर्षी जावं की नाही या विचारात होती. माझ्या भरवशावर गेली.

आता आमचा दसरा सांगतो. नर्सरीत त्या दिवशी हत्याराला काम लावत नाहीत. कलमाचे चाकू, छाटणीचे सिकेटर, फवारणीचे पंप, वजनकाटा, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडायचं. ट्रॅक्टर समोर उभा करायचा. मोटर बंद. जे-जे आपल्यासाठी राबतं त्याला एक दिवस विसावा, हळदीकुंकू, झेंडूचं फूल, नारळ, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हात लावायचा नाही. थोरल्या मालकांनी लावलेला शिरस्ता, आणि ते गेल्यावर पूजा माझ्याकडे. कॉम्प्युटर आला त्या वर्षापासून तोही पूजेत. दर दसऱ्याला आधी बंद, मग कुंकू.

धाकट्या मालकांना पूजेचा फोटो हवा असतो, ग्रुपवर टाकायला. स्वतः यायला जमत नाही.

मी सगळ्यांना कुंकू लावत-लावत ऑफिसात आलो. म्हातारा कलम बांधणारा मागे ताट धरून. कॉम्प्युटर सुरूच होता, घरघर करत. हिरवी पट्टी अर्ध्याच्याही अलीकडे.

"काहीतरी लिहून हाय जी त्याच्यावर," म्हातारा म्हणाला.

"माहीत आहे मला," मी म्हणालो.

मला माहीत होतं. हे मी आज लपवत नाही. पण सगळी नर्सरी विसाव्याला बसली असताना हे एकटंच डबडं घरघरत होतं, आणि चालू यंत्राची पूजा मी आयुष्यात केली नव्हती. त्यात फोटोमध्ये ती लाल चिठ्ठी दिसणार. आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती. माझ्या नर्सरीत, दसऱ्याच्या दिवशी, कशाला हात लावायचा आणि कशाला नाही हे एका चिठ्ठीने मला सांगावं, याचा मला राग आला होता. एका दिवसाने काय बिघडतं? उद्या सकाळी चालू करू, पट्टी पुढे सरकेल. मोटर नाही का बंद करून चालू करत?

चिठ्ठी काढून मी शर्टाच्या खिशात ठेवली. बोटं कुंकवाने भरलेली, पुसायला जवळ काही नव्हतं. भिंतीवरचं बटण दाबलं. घरघर थांबली. स्क्रीनवर टिळा लावला, वर झेंडू ठेवला, फोटो काढला. मालकांचा लगेच अंगठा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नारळ वाढवून मी सगळं सुरू केलं. मोटर सुरू झाली, ट्रॅक्टर सुरू झाला, कॉम्प्युटरही. पण चौकोन नव्हता. हिरवी पट्टीही नव्हती. मी स्क्रीनसमोर बसलो होतो तेवढ्यात सल्लागाराचा फोन.

"विंडो दिसते का काका?"

"नाही."

"मग झालं. काँग्रॅच्युलेशन्स!"

त्याने पुढचं काही विचारलं नाही. क्लाउडवर जाऊन नोंदी मोजून बघणं हे त्याचं काम होतं, त्यासाठीच तर त्याला आणलेलं. त्या टोकदार बुटाच्या माणसाने घरबसल्या एकदा मोजलं असतं तर सगळं वाचलं असतं, हे मी शंभर लोकांना सांगितलं आहे, आणि ते खरंच आहे. मी काय विचारलं नाही आणि काय सांगितलं नाही, ते मात्र त्या शंभरातल्या एकालाही सांगितलं नाही.

मालकांना घाई होती; नवा कॉम्प्युटर आधीच येऊन पडला होता. जुना कॉम्प्युटर लोधीखेड्याच्या एका शाळेला द्यायचं त्यांनी आधीच कबूल करून ठेवलं होतं. दुपारी सल्लागाराचा माणूस आला, आतलं सगळं पुसून गेला. संध्याकाळी कॉम्प्युटर हार घालून शाळेत पोचला, मालकांचा त्याच्यासोबत फोटो निघाला. स्क्रीनवरचं मी लावलेलं कुंकू अजून पुसलेलं नव्हतं.

बाई परत आली ती नव्या कॉम्प्युटरवर बसली आणि आधी तिने डायरी उघडली. जाण्याआधी एकूण नोंदी किती ते तिने लिहून ठेवलं होतं. वर निम्म्याही नव्हत्या. वर्षावार फाइली होत्या; नवी वर्षं आधी चढली होती, जुनी खालीच, पुसलेल्या कॉम्प्युटरात, राहिली होती. शेतकऱ्यांनी परत येऊन 'तेच द्या' म्हणायची सगळी वर्षं गेली होती.

ती वळून माझ्याकडे बघून म्हणाली, "काकाजी, मशीन बंद झालं होतं का मधात?"

"लाइट गेली असन," मी म्हणालो.

"इन्व्हर्टरवर होतं न."

मी वाफ्याकडे निघून गेलो. पाणी द्यायचं होतं.

दुपारी मालक आणि सल्लागार दोघंही आले. मालकांचा चेहरा लाल. सल्लागार मात्र थंड. त्याने लॅपटॉप उघडून दाखवलं: दसऱ्याच्या सकाळी मशीन बंद झालं आणि कॉपी तिथेच तुटली. "युझर साइड इश्यू आहे सर," तो म्हणाला. चूक स्वतःच्या दारातून उचलून दुसऱ्याच्या दारात ठेवायला या लोकांकडे असे शब्द तयार असतात. मालकांनी 'युझर' म्हणजे कोण ते विचारलंही नाही. सरळ बाईकडे वळले.

"तुमी कुठं होत्या तेव्हा?"

"सुट्टीवर होती भाऊ. नागपूरले. अर्ज दिला होता."

"असं काम चालू असताना सुट्टी? एका वर्षी नसतं गेलं तर काय झालं असतं?"

"काकाजीले सांगून गेली होती. बंद करू नका म्हणून चिठ्ठी लावून गेली होती."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. "काकाजी, चिठ्ठी होती?"

म्हातारा कलम बांधणारा दारात उभा होता. त्याची हजेरी मी लावतो. चिठ्ठी माझ्या दसऱ्याच्या शर्टाच्या खिशात होती आणि तो शर्ट घरी खुंटीला. इथे मला सगळं सांगता आलं असतं. मी म्हातारा होत आलेलो, थोरल्या मालकांचा माणूस. मालकांनी चार शिव्या दिल्या असत्या, पण मला काढलं नसतं. हे मला तेव्हाही कळत होतं.

"मले तर नाही दिसली भाऊ," मी म्हणालो.

म्हातारा दारातून निघून वाफ्यात गेला.

"जा मंग तुमी," मालक बाईला म्हणाले. "सांगून ठेवलं होतं."

तिने वाद घातला नाही. डबा पिशवीत घातला, डायरी घातली. मग टेबलाशी उभी राहून थोडा वेळ भिंतीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि निघाली. आमच्या ऑफिसपासून फाटकापर्यंत लांबलचक वाट आहे, दोन्ही बाजूंना कलमांच्या रांगा. त्या वाटेने ती अगदी सावकाश गेली. मला वाटलं, रडत असेल.

पुढचं काय सांगू. त्या मोसमात दोन शेतकरी आले, 'तेच द्या' म्हणाले. नव्या कॉम्प्युटरवर एमटी सतरा उघडलं तर रकाने रिकामे. म्हातारा कलम बांधणारा होता तोवर आठवणीने काही झाडं दाखवायचा. मग त्याची नजर गेली, नंतर तोही गेला. मालकांनी पॅकिंगच्या शेडसाठी विहिरीकडची काही जुनी झाडं तोडली. विहिरीवरची म्हातारी त्यांत गेली की राहिली, सांगणारं कोणी उरलं नाही. मालकांच्या मोबाइलवर मात्र किती कलमं तयार आहेत याचा रंगीत गोल तक्ता छान दिसतो. सल्लागार आता सौंसरच्या दुसऱ्या एका दुकानाला क्लाउडवर चढवतो आहे, आणि तिथेही त्याला काजू मिळतात.

मागच्या उन्हाळ्यात मी जामसांवळीला मारुतीचं दर्शन करून सौंसरच्या बस स्टँडवर बसलो होतो. गुडघे गेलेत, बाकावरून उठवत नाही. समोर ती आली. केसांत थोडं पांढरं, खांद्याला पिशवी. इथल्याच एका दवाखान्यात रेकॉर्डचं काम बघते म्हणाली. बहीण नर्स झाली. आई दोन वर्षांपूर्वी गेली.

"जयभीम काकाजी. गुडघे काय म्हणून राहिले?"

तिने चहा आणला, माझ्या हातात दिला. आणि मी, सवयीने, सल्लागाराला शिव्या घालायला लागलो. ते दात, ते टोकदार बूट, ती बादली, युझर साइड इश्यू. मालकांनाही सोडलं नाही. त्या लोकांनी तुझ्यावर केवढा अन्याय केला म्हणालो. माझा आवाज चढला. शेजारचे बघायला लागले.

माझं संपल्यावर ती म्हणाली, "भिंतीवरच्या बटनावर कुंकू होतं न काकाजी. बोटाचं. मले त्याच दिवशी दिसलं."

मी कप तोंडाला लावला, तर चहा संपला होता. तिने तो काढून बाकावर ठेवला.

"मंग बोलली कायले नाही?" मी विचारलं.

"वाटलं, तुमीच सांगसान," ती म्हणाली. "म्हणून तर फाटकापर्यंत हळूहळू गेली. म्हटलं, काकाजी आवाज देतील."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. पांढुर्ण्याची बस लागली होती आणि कंडक्टर ओरडत होता, पण ती बस माझी होती, तिची नव्हती. तिने पिशवी सावरली, "येतो काकाजी, तब्येत सांभाळा," म्हणाली आणि स्टँडच्या दुसऱ्या टोकाकडे चालत निघाली.

ती भरभर गेली नाही. मी बाकावर बसून तिला दिसेनाशी होईपर्यंत बघितलं, आणि त्या दिवशीही आवाज दिला नाही.